आत्याचा चौक

बारावीला सायन्स घेऊन चित्रकलाही सांभाळीन, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. डहाणूच्या क्लासमधले फिजिक्सचे सर माझ्या वहीतली चित्रं बघून म्हणाले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला राग आला होता. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं, फक्त चिंध्या कशाच्या होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांना मी इंजिनीअर व्हायला हवी होते. तडजोड म्हणून दोन्ही अर्ज भरायचं ठरलं. मी डहाणूच्या वसतिगृहात राहायचे, शनिवारी दुपारच्या एसटीने तलासरीला उतरून जुन्या शाळेत जायचे आणि चित्रकलेच्या सरांना कामं दाखवून पाड्यावर घरी. प्रवेशाला आपल्या चित्रांची फाईल न्यावी लागते. सर म्हणाले, "इकडची सगळी पोरं तेच नाच आणि तेच तारपा वाजवणारे घेऊन जातात. तू वेगळं काहीतरी ने."

वेगळं माझ्या घरातच बसलं होतं. माझी आत्या. लग्नघरात भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं लग्नातलं चित्र, लिहायला तिला आसपासच्या सगळ्या पाड्यांवरून बोलावणं यायचं. आमच्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात, आणि लिहितात त्या सवाशिणी. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले आणि तिची बोलावणी थांबली. ती आमच्याकडे राहायला आली. लग्नात ती मागे बसून दुसऱ्या बायांच्या रेघांना नावं ठेवायची, हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं.

मी कागदावर चौक मागितला तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. लग्नाशिवाय चौक नसतो. मग दोन शनिवार गेल्यावर स्वतःच म्हणाली, "भिंत माझी नाय राहिली. कागदाला कोण इचारतं?"

ओटीवर ब्राउन पेपर अंथरून मी गेरू फासला. तिने तांदळाची पिठी कालवली, बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला. काडी माझ्या हातात, नजर तिची. रेघ वाकडी गेली की म्हणायची, "तुझं ते फिजिक शिकवतं का असली रेघ?" कडेची नक्षी झाली, झाडं झाली, चंद्र-सूर्य झाले. मधला चौकोन राहिला. तिथे देवी लिहायची.

"देवी तू एकटीनं नाय लिव्हायची. कुवारी हाय तू," ती म्हणाली. "मी तुझा हात धरीन. किती लग्नांत लिव्हली तिला, मला वळखते ती. पुढल्या ऐतवारी येशील ना?"

पुढल्या रविवारी क्लासची टेस्ट होती. त्याच्या पुढल्याही. परीक्षा जवळ आली तशा शनिवारीही टेस्ट सुरू झाल्या. मी फोनवर "पुढच्या रविवारी नक्की, आते" म्हणायचे आणि ती "ये ये, देवी कुठं पळते" म्हणायची. तिचा खोकला मला ऐकू येत होता. ऐकू येत नव्हता असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

परीक्षा सुरू झाल्यावर फोन वडीलच घेऊ लागले. आत्या कुठे विचारलं की म्हणायचे, "झोपलीय."

शेवटच्या पेपरला ते न्यायला आले. उसाचा रस पाजला, पेपर कसा गेला विचारलं, मी चांगला म्हटलं. तलासरीला उतरल्यावर, स्टँडवरच, त्यांनी सांगितलं. आत्या गेली होती; तिला पोचवून पाच दिवस झाले होते. ते पाच दिवस ती झोपलीय असं समजून मी केमिस्ट्रीची समीकरणं पाठ करत होते. मी वडिलांवर ओरडले नाही. त्यांनी तेच केलं होतं, जे आमच्याकडे परीक्षेच्या पोरांसाठी सगळेच करतात.

आई म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी तिनं कागद मागितला. मी पिठी कालवून वाटी तिच्यापाशी ठेवली नि कामावर गेले. आले तर गुंडाळी तशीच उशाला. मी उघडून नाय बघितली. मला नाय बघवत." आई आत निघून गेली. मी गुंडाळी उघडली. मधला चौकोन रिकामा होता. कोपऱ्यात पिठीचा एक ठिपका होता, बस्स.

चित्रकलेचे सर म्हणाले, रिकामं कसं नेणार, भर काहीतरी. शाळेच्या टेबलावर, एका दुपारी, मी एकटीने देवी लिहिली. घाई होती. तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड झाला आणि शेवटची रेघ थरथरली.

चित्रकलेच्या कॉलेजात माझं नाव लागलं. तिथे बारावी नुसती पास लागते. ज्या मार्कांसाठी मी इतके रविवार घालवले, ते कुणी पाहिलेसुद्धा नाहीत.

फाईल परत मिळाली तेव्हा मी तो कागद घरी आणला. आईने तो अंथरला, मध्ये पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. "म्हणजे लिव्हून गेली ती," आई म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने देवीच्या आखूड हातावर बोट ठेवलं.

"बघ, कापत व्हता बिचारीचा हात."

"हो," मी म्हटलं.

तो कागद आता ओटीवर लावलाय. आई रोज सकाळी त्याला फूल वाहते.