भुवईवरचा कापूस

गेली अठरा वर्षं मी महाराणा प्रताप नगरातल्या एका हिंदी दैनिकात फोटो कापते. कात्रीनं नव्हे, स्क्रीनवर; पण आमच्या डेस्कवर शब्द ‘काटना’ हाच आहे. फोटोग्राफर गावभर हिंडून जे आणतात, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मी ठरवते. या कामात माझा हात चांगला आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सभेच्या फोटोत मागे कोण जांभई देतोय ते मला आधी दिसतं. पुराच्या फोटोतून काय वाट्टेल ते काढीन, पण पाण्याबाहेर राहिलेला हातपंपाचा दांडा काढणार नाही, कारण पाणी किती चढलंय ते त्याच्यावरूनच कळतं.

रविवारी सकाळी मी स्वतःसाठी फोटो काढते. नोव्हेंबर संपता संपता एकदा जुन्या शहरात, रजया भरतात त्या गल्लीत गेले होते. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र धडधडत होतं आणि गल्लीभर कापूस उडत होता. समोर रस्त्यावरच रजई पसरून एक बाई तिच्यावर बसून टाके घालत होती. फोटो काढू का, असं मी विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं आणि पुढच्या टाक्याला मला विसरूनही गेली.

आमच्या हौशी मंडळींचं अरेरा कॉलनीत प्रदर्शन होतं. प्रत्येकानं एकच फोटो द्यायचा होता. मी हाच निवडला आणि तो दोन प्रकारे कापला. एकात फक्त बाईचा चेहरा, सुई आणि केसांवर, भुवयांवर साचलेला कापूस. दुसऱ्यात अख्खी गल्ली: यंत्र, विजेच्या तारा, स्कूटर, पायरीवर पेपर वाचणारा माणूस आणि या सगळ्यात अंगठ्याएवढी बाई.

दोन्ही नवऱ्याला दाखवले. तो इंदूरचा, बँकेत आहे आणि फोटोतलं त्याला काही कळत नाही असं तो स्वतःच सांगतो.

‘‘पहिला मस्त आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण ही बाई कुठेही बसलेली असू शकते.’’

‘‘आणि दुसरा?’’

‘‘गल्ली छान आलीये. पण बाई कुठेय?’’

मी चिडले, कारण तो बरोबर बोलत होता. तरी मनातून मी चेहऱ्याच्याच बाजूची होते. भुवईवरचा तो कापूस मला फार आवडला होता. पुढच्या रविवारी दोन्ही प्रिंट घेऊन मी त्या बाईकडे गेले. तिचा चेहरा भिंतीवर लावणार, तर तिला दाखवायला हवं होतं.

तिनं हात पुसून पहिला प्रिंट घेतला आणि बराच वेळ बघितला. ‘‘बाजी, इसमें तो मैं बुढ़िया हो गई,’’ ती म्हणाली. त्या गल्लीत मोठ्या बहिणीला बाजी म्हणतात.

शेजारची बाई डोकावली. ‘‘तबीयत ख़राब थी क्या उस दिन?’’

मी प्रिंट पुन्हा पाहिला. फोटोतल्या बाईची धाकटी मुलगी चौथीत होती; बाई माझ्याहून बरीच लहान असणार. गल्ली आणि यंत्र काढून टाकल्यावर तो कापूस कापूस राहिलाच नव्हता. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, आजारी माणसाचा चेहरा. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या फोटोंत मी जी चूक पकडत आले, ती माझ्याच फोटोत मला दिसली नव्हती.

मी दुसरा प्रिंट पुढे केला. त्यात तिनं आधी यंत्र ओळखलं, मग स्कूटर, मग पायरीवरचा माणूस आणि सगळ्यात शेवटी स्वतःला. पायरीवरच्या माणसावर तिनं तळहात ठेवला.

‘‘इनको हटा दो. काम मैं करूँ और फ़ोटो में ये बैठें!’’

ते तिचे मोठे दीर. त्या दिवशीही त्याच पायरीवर, नाकाला रुमाल बांधून पेपर वाचत बसलेले. ‘‘सुन रहा हूँ मैं,’’ ते पेपराआडून म्हणाले.

इथे मात्र मी हटले नाही. त्यांच्या मागच्या आरपार उघड्या दारातून आलेलं ऊन थेट तिच्या सुईवर पडत होतं. त्यांना काढलं तर दार जातं, दार गेलं की ऊन जातं. शिवाय त्यांचा रुमाल मला हवाच होता. हवेत किती कापूस आहे, ते त्या रुमालावरून कळत होतं.

‘‘रुमाल रख लो, आदमी हटा दो,’’ ती म्हणाली.

‘‘अर्धा माणूस मी ठेवत नाही,’’ असं मी तिला हिंदीत सांगितलं. ‘‘ठेवायचा तर पूर्ण, नाहीतर नाहीच.’’

तिनं जरा विचार केला. मग कापडाच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि एक प्रिंटच्या वरच्या बाजूला आडवी ठेवली. तारा आणि आभाळ झाकलं गेलं. दुसरी डावीकडे उभी ठेवली, तशी स्कूटर गेली. दीर जागेवरच राहिले, पण आता फोटो तिचा दिसायला लागला. मी खाली वाकले. वरची पट्टी तिनं फार खाली आणली होती. यंत्राचं तोंड झाकलं गेल्यामुळे कापसाचं नुसतं धुकं झालं होतं. मी पट्टी दोन बोटं वर सरकवली. तिनं डावीकडची जराशी आत घेतली. मी पुन्हा बाहेर काढली.

‘‘बस!’’ दोघी एकदमच म्हणालो. बरोबर त्याच रेषांवर मी घरी येऊन फोटो कापला.

प्रदर्शनात एक बाई त्या फोटोपुढे आल्या आणि त्यांनी नकळत पदर नाकाला लावला. मी लांब उभी राहून ते पाहिलं, आणि मला जे हवं होतं ते तिथेच मिळालं.

संध्याकाळी रजईवाली आली, बाटलीहिरव्या सलवार कमीजमध्ये, मुलीचा हात धरून. कोणीच तिला ओळखलं नाही. एक गृहस्थ तिला फोटो समजावून सांगायला लागले: प्रकाश कुठून येतोय, नजर कशी आधी उजव्या हातातल्या सुईवर जाते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘बाक़ी सब ठीक है, भाईसाहब,’’ ती म्हणाली, ‘‘लेकिन सुई उल्टे हाथ में है. मैं उल्टे हाथ से सीती हूँ.’’

गृहस्थांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हात जोडले. ती खळखळून हसली. मग मुलीला फोटोशेजारी उभं केलं, स्वतः तिच्यामागे उभी राहिली आणि आपला फोन माझ्या हातात दिला.

‘‘ज़रा पास से लेना, बाजी.’’

मी चार पावलं पुढे गेले आणि दोघींचे चेहरे भरभरून घेतले.