हे माह्या हातचं नाही

इंगळे सिस्टर कुणाच्याही घरी काही दुरुस्त करायला आल्या, की आधी बसायच्या. नळ गळत असो, संडासची टाकी भरत नसो की दाराची कडी अडकत असो. जवळची पायरी पाहून टेकायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि बिघडलेल्या वस्तूकडे नुसत्या पाहत राहायच्या. मग विचारायच्या, "कवापासून हाय? तेवढंच हाय का वाढून राह्यलं? आधी कोणी हात लावला व्हता का?" उत्तरं ऐकून त्या दोनपैकी एक वाक्य म्हणत. एक तर "आण पक्कड", नाहीतर "हे माह्या हातचं नाही."

चिखलीच्या त्या कॉलनीत मी सासूबाईंना घेऊन राहायला आले, तेव्हा नवरा नोकरीसाठी बाहेरगावी होता आणि मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. घर दुसऱ्यांनी वापरून सोडलेलं. दर रविवारी त्यातलं काहीतरी निकामी व्हायचं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि नेमकं त्याच सकाळी टाकीच्या पाइपचा जोड सुटला. मी जोडावर फडकं दाबून उभी, सासूबाई बादल्या लावताहेत, तेवढ्यात कुंपणापलीकडच्या बाई पक्कड आणि पांढरी टेप घेऊन आल्या. वय साठीच्या पुढे, घट्ट अंबाडा, पदर खोचलेला. जोड बसवला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. "सरकारी नर्स व्हती मी," म्हणाल्या, "सवय जात नाही."

सिस्टरांचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उभं आयुष्य आरोग्य उपकेंद्रांच्या क्वार्टरमध्ये काढलं, तिथे दुरुस्तीला कोणी यायचं नाही, म्हणून हात शिकत गेले. आमच्या न्हाणीघराची भिंत ओली राहू लागली तेव्हा मिस्त्रीने सगळ्या फरश्या काढायला सांगितल्या होत्या. मी थकून हो म्हणणार होते. सिस्टर अर्धा तास भिंतीकडे पाहत बसल्या, मग गच्चीवर गेल्या आणि पाणी जायच्या भोकातून कडुनिंबाचा ओला पालापाचोळा ओंजळ-ओंजळ काढला. "मिस्तरी खोटं नाही बोलला," खाली येऊन म्हणाल्या. "त्यानं खालूनच पाह्यलं. पंधरा दिवस थांब. नाही सुकली, त बोलाव त्याले." भिंत सुकली.

म्हणूनच कूलरच्या वेळी मला त्यांचा राग आला. मे महिना होता. सासूबाई म्हणाल्या, कूलरला हात लागला की मुंग्या येतात. सिस्टर आल्या आणि या वेळी बसल्या नाहीत. सरळ प्लग काढला. "याले मी हात लावत नाही. वायरमन बोलाव."

वायरमन लग्नसराईत अडकलेला, चार दिवस येणार नव्हता. बाहेर झळा, घरात पंचाहत्तरीच्या सासूबाई, आणि मी दिवसभर पुस्तकांच्या धुळीत उभी राहून आलेली. मी म्हटलं, "सिस्टर, एक वायर तर असेल. तुम्ही एवढं सगळं करता."

"करतो. हे नाही करत."

"मग या उन्हात म्हातारीला काय करू मी? तुम्हाला काय जातंय नाही म्हणायला?"

सिस्टरांनी सासूबाईंचा हात धरला, त्यांची औषधं पिशवीत घातली आणि त्यांना आपल्या घरी नेलं. चार दिवस स्वतःच्या कूलरसमोर झोपवलं.

वायरमनने कूलर उघडला. मोटरची वायर पत्र्यावर घासून उघडी पडली होती. मग त्याने बोर्ड खोलला आणि म्हणाला, या घराला अर्थिंगच नाही, वायर वरच्या वर कापलेली आहे. एखाद्या दिवशी ओल्या हाताने कूलर धरला असता, तर हात सुटला नसता. मी तशीच सिस्टरांकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी थांबवलं आणि उंद्री गावातली एक जुनी गोष्ट सांगितली.

उंद्रीला असताना सुमन नावाच्या बाईचं बाळंतपण त्यांनी केलं. मूल नीट झालं, पण रक्त थांबेना. "जीप दारात उभी व्हती. मले वाटलं, थांबते माह्या हातानं. आधी कितीक थांबवलं व्हतं. म्हटलं, जरा दम धरा. नेली तवा लय उशीर झाला व्हता." चिखलीच्या दवाखान्यात पोचण्याआधीच सुमन गेली. कोणी बोल लावला नाही. सिस्टरांची बदली झाली, आणि त्या पुन्हा उंद्रीत पाय ठेवायला गेल्या नाहीत.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. स्वतःच्या नळाला त्यांनी नळवाला बोलावला आणि पक्कड, पाने माझ्या घरी आणून ठेवले. मेहकरच्या पुतण्याकडे जायचं ठरलं. तिथेच दीड वर्षाने त्या वारल्या. पण मेहकरला जाण्याआधीच्या रविवारी म्हणाल्या, "उंद्रीले येतं का माह्यासंगं?"

सुमनचा नवरा अंगणात वांगी निवडत बसला होता. म्हातारा झालेला. त्याने सिस्टरांना ओळखलं, चटई टाकली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. सिस्टरांनी पाणी घेतलं नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जीप उभी व्हती. मी थांबवली."

"माईत हाय मले. जीप माह्या भावाचीच व्हती."

"मंग इतकी वर्सं काऊन नाही बोलले कोणापाशी?"

म्हाताऱ्याने हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. "मी जीपमधी पुढं बसलो व्हतो, बाई. मांगं वळून पाह्याची हिंमत झाली नाही मले. ती माह्या नावानं हाका मारून राह्यली व्हती, अन् हात तुमी धरला व्हता. मी काय बोलू?"

सिस्टरांनी तेव्हा पाणी घेतलं. दोन्ही हातांनी पेला धरून सगळं प्यायल्या. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "थकली वं मी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. चिखलीच्या स्टँडवर सगळे उतरून गेले, कंडक्टर दोनदा येऊन पाहून गेला, तरी मी त्यांना उठवलं नाही.