तांडेलाची गाडी

माझ्या साडूला उभ्या जन्मात कोणी, कशातही, त्याची चूक पटवून देऊ शकलं नाही. बायको नाही, वडीलधारी नाहीत, गावचे पंच नाहीत. समुद्राला भरती येते तीसुद्धा आपल्याला विचारून, अशा चेहऱ्यानं तो सातपाटीच्या किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, आणि पाणी त्याच्या पायाशी येईपर्यंत आम्हालाही ते खरंच वाटायचं. बोटीवर ज्याचा शब्द चालतो त्याला आमच्यात तांडेल म्हणतात. हा मिसरूड फुटायच्या वयात तांडेल झाला आणि त्याचं पाळण्यातलं नाव सगळे विसरले. त्याची बायकोसुद्धा त्याला तांडेलच म्हणे. ही बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे बाय म्हणायचो. बायच्या पुढं बोलायची हिंमत गावात कोणाची नव्हती. तांडेल बोलायचा, पण तोही उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून.

त्यांचा एकुलता एक मुलगा बापाच्याच बोटीवरून पाण्यात गेला. वादळ नव्हतं, काही नव्हतं. जाळं सोडताना पाय दोरात अडकला आणि जाळ्याबरोबर तोही गेला. दिवसकार्य झाल्यावर बायनं एकच सांगितलं. रडून नाही, भाताची पेज ओतता ओतता सांगितलं. "आता ह्या घरातला मानूस बोटीत चढला, तर मी ह्या घरात नाय." तांडेलानं पेज प्याली, हात धुतला आणि बोट विकायला काढली. आम्हाला वाटलं, आता हा ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवणार. पण जो माणूस ओट्यावर बसेल तो तांडेल कसला? त्या वर्षांत तारापूरला अणुशक्तीचं मोठं काम चालू होतं. दगड, रेती, लोखंड वाहणाऱ्या गाड्यांची बोईसरच्या रस्त्यावर रीघ लागलेली असायची. हा तिकडं गेला, तिथल्या एका ठेकेदाराच्या तळावर राहून गाडी हाकायला शिकला, आणि एका दुपारी डिझेलचा ट्रक घेऊनच गावात आला. ट्रक जवळजवळ नवा. ठेकेदारानं एकच पावसाळा वापरलेला. त्याला आता मोठ्या गाड्या मिळाल्या होत्या म्हणून त्यानं काढला. ठेकेदार घाटावरचा माणूस, पण शब्दाचा पक्का. वर्षाच्या आत इंजिनाला काही झालं तर मी बघेन, वेळ आली तर इंजिन बदलून देईन, असं त्यानं माझ्यादेखत सांगितलं होतं.

गाडी आली, पण तांडेल तिला गाडी समजतच नव्हता. चढताना तो चपला खाली काढायचा, कारण बोटीत कोणी पायताण घालून चढत नाही. गाडीच्या तोंडाला तो बोटीच्या पुढच्या टोकासारखं नाळ म्हणायचा, हातातल्या चाकाला सुकाणू. निघण्याआधी हाताचं बोट ओलं करून वारा बघायचा. मी एकदा विचारलं, "तांडेल, वारा बघून काय करतोस? तुला काय शीड उभारायचंय?" तर म्हणाला, "साडूभाऊ, तू बस गप. वारा कुठनं येतो ते ठावं नसलेला मानूस रस्त्यावर पन मरतो." मागं घ्यायला तर त्याच्या जिवावर यायचं. नाळ मागं सारायची नाही, हा त्याचा नेम. पालघरच्या बाजारात समोरून बैलगाडी आली की हा इंजिन बंद करून सुकाणूवर हात बांधून बसायचा, आणि बैलगाडीवाला आपणच बैल सोडून गाडी मागं ढकलायचा. नारळी पुनवेला त्यानं ट्रक किनाऱ्यावर आणला, सगळ्या बोटींच्या रांगेत उभा केला आणि त्याच्यापुढं नारळ फोडला. चाकं वाळूत रुतली. ती काढायला अर्धं गाव लागलं. तांडेल वर बसून आम्हाला हुकूम सोडत होता.

गावानं त्याला हसून घेतलं, पण मावरंही, म्हणजे मासळीही, त्याच्याच गाडीत घातलं, आणि त्यातच सगळं आलं. तोवर बायकांना टोपल्या डोक्यावर घेऊन पालघरचं स्टेशन गाठावं लागायचं, नाहीतर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागायचा. आता पापलेट, घोळ, बोंबील बर्फात घालून थेट मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. बाय टोपल्यांचा हिशेब बघायची. मुलगा गेल्यावर पहिल्यांदाच ती चारचौघींत बसून बोलताना दिसली. ही गाडी चालली तर तांडेल जमिनीवर राहणार होता. नाही चालली तर त्याला दुसरं काय येत होतं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते कोणी बोलत नव्हतं.

गाडी चालेना. पालघर सोडून मनोरकडं जाताना वाघोबाची खिंड लागते. तिथं चढावर गाडी तापायची, तोंडातून वाफ सोडायची आणि गप्प उभी राहायची. पहिल्या वेळी तांडेलानं वाघोबाला नारळ दिला. दुसऱ्या वेळी कोंबडा दिला. समुद्राची माणसं आपल्या डोंगरात येतात हे देवाला आवडत नसणार, असं त्याचं मत. मग ठेकेदाराकडं गेलो. त्याच्या तळावर उत्तरेकडचा एक मिस्त्री होता, तोंडात सदा पान. त्यानं पंख्याचा पट्टा बदलला. गाडी आठवडाभर नीट चालली आणि पुन्हा खिंडीत उभी राहिली. त्यानं पाण्याचा पंप बदलला. पुन्हा तेच. त्यानं इंजिनाचं डोकं उघडून आतलं गॅस्केट बदललं, आणि "अब दस साल देखना नहीं, तांडेल सेठ" असं सांगून पाठवलं. त्या खेपेला तर गाडी खिंडीपर्यंतही गेली नाही.

तो दिवस मला आठवतो. चैत्रातलं ऊन, रस्त्याला सावली नाही. बर्फ वितळून फळ्यांतून पाणी गळत होतं आणि धुळीत त्याची लालसर चिखलाची वाट झाली होती. माश्या आल्या. वर घारी फिरायला लागल्या. तांडेल झाकण उघडून आपल्याजवळच्या डब्यातलं पाणी ओतत होता, गाडी सुरू करत होता, पुन्हा ओतत होता. डोंगरातली दोन माणसं येऊन लांब उकिडवी बसली आणि बघत राहिली. संध्याकाळी सगळं मावरं रस्त्याच्या कडेला खड्डा करून पुरावं लागलं. तांडेलानं स्वतः पुरलं, मला फावड्याला हात लावू दिला नाही. गावात आलो तर बायका वाट बघत बसलेल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "काय तांडेल, आमचं मावरं शिजवूनच नेलंस काय? मीठमसाला तरी बरा घातलास ना?" कोणी हसलं नाही. बाय उठली आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी निम्म्या टोपल्या व्यापाऱ्याकडं गेल्या.

मग तांडेल चिडला. ठेकेदारानं आपल्याला सडकं इंजिन गळ्यात मारलं, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. मला बरोबर घेऊन, गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून, तो तळावर गेला. ओढून नेतानाही हा आत सुकाणू धरून, छाती काढून बसलेला. बघणाऱ्याला वाटावं, पुढच्या ट्रकला हाच ढकलतोय. ठेकेदार शांत होता. "शब्द दिलाय तो पाळीन," म्हणाला, आणि मिस्त्रीला पुन्हा सगळं खोलायला लावलं. मिस्त्रीनं या वेळी पाण्याची पुढची जाळीच उतरवली. उलटी करून ठोकली तर आतून पांढरी खपली पडली. त्यानं ती बोटावर घेतली, पान थुंकून टाकलं आणि जिभेला लावली.

"यह तो नमक है," तो म्हणाला. "तांडेल सेठ, पानी कहाँ का डालते हो?"

"कुठलं म्हंजे? समुद्राचं," तांडेल म्हणाला.

आता यात हसण्यासारखं काय आहे, ते बाहेरच्या माणसाला कळेल. आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या बोटींची इंजिनं समुद्राचंच पाणी घेऊन थंड होतात. एकीकडून घेतात, दुसरीकडून सोडतात; गाडीचं पाणी आतल्या आतच फिरतं, हे आमच्या गावीही नव्हतं. तांडेल रोज सकाळी भरतीचं पाणी कळशीनं आणून गाडीला पाजायचा, वाटेसाठी डबे भरून घ्यायचा, आणि ते बघून गावातल्या एकाही तांडेलाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. शिवाय गोडं पाणी होतं कुठं? उन्हाळ्यात आमच्या बाया लांबच्या विहिरीवरून हंडे आणायच्या, तळाला गाळ लागेपर्यंत रांग असायची. ते पाणी लोखंडाला पाजणं त्याला पाप वाटायचं. बायच्या डोक्यावरून आलेलं पाणी तो स्वतःसुद्धा मोजून प्यायचा.

मिस्त्री हसत होता. ठेकेदार हसला नाही. इंजिनाच्या डोक्याला तडा गेला होता, आत गंज चढला होता. त्यानं तांडेलाला बाजूला घेतलं, मी सोबत होतो. ठेकेदाराला मुलाचं माहीत होतं, बायच्या शब्दाचंही माहीत होतं. हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, तुमच्या माघारी कोणीतरी दुष्टाव्यानं घातलं असेल. गावात वाईटावर माणसं असतात. तुम्ही तसं म्हणा. माझ्या भागीदाराला मला काहीतरी सांगावं लागेल. मी इंजिन बदलून देतो."

मी तांडेलाच्या कोपराला ढोसलं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही त्या माणसानं आयतं तोंडात दिलेलं.

तांडेल म्हणाला, "माज्या गाडीला माज्या माघारी कोन हात लावील? गावात हिंमत हाय कोनाची? मीच घातलं. रोज घालतो. समुद्राचं पानी आमच्या इंजिनाला चालतं. तुमच्या इंजिनाला चालत नसंल, तर इंजिन नाजूक हाय."

ठेकेदारानं मिस्त्रीला खोललेलं सगळं पुन्हा बसवायची खूण केली. मग म्हणाला, "मग माझ्याच्यानं होणार नाही, तांडेल."

परत येताना मी त्याला नाही नाही ते बोललो. गाढव म्हणालो, आणखीही म्हणालो. वाटेत सालवड गाव आल्यावर तो एवढंच बोलला, "साडूभाऊ, चोर नसलेल्या मानसावर चोरी घालून इंजिन आनलं असतं, ते काय धड चाललं असतं?" याला माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या वेळी सुचलं नाही. आता सुचतं, तर ऐकायला तो नाही. आणि माझं मन मला सांगतं की त्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. म्हणून तर मला त्याचा एवढा राग आला होता.

ट्रक मोडीच्या भावात गेला. पाऊस सरला, बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, आणि तांडेल दुसऱ्याच्या बोटीवर साधा खलाशी म्हणून चढला. ज्या माणसाच्या शब्दावर जाळी पडायची, तो आता दुसऱ्याच्या शब्दावर दोर ओढू लागला. बाय घर सोडून गेली नाही. जायला तिला जागा होती, माझंच घर होतं, पण ती गेली नाही. तिनं फक्त सांगितलं, "जातोस ते जा. पन कवा येशील ते मला सांगू नको. मी वाट बघनार नाय." आणि ती किनाऱ्याकडं फिरकायची नाही. गावातल्या सगळ्या बायका बोटी यायच्या वेळी वाळूवर उभ्या असायच्या. ही घरात, दाराकडं पाठ करून.

ट्रक देताना तांडेलानं त्याचा रबरी फुग्याचा भोंगा तेवढा उतरवून घेतला होता. तो त्यानं त्या परक्या बोटीच्या काठाला बांधला. खाडीच्या तोंडाशी बोट आली की हा पठ्ठ्या तो दाबायचा, एकदाच. बाकीचे खलाशी चेष्टा करायचे, "कोन आडवा आला रं, म्हाताऱ्या? बैलगाडी आली काय?" तो आवाज वाळूवरून, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून थेट तांडेलाच्या घरापर्यंत यायचा. अशा वेळी मी कितीदा तरी त्यांच्या ओट्यावर बसलेला असायचो. बाय चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची. आवाज आला तरी मान वर करायची नाही. फक्त परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घ्यायची.