चुनखडीवरचा थेंब

सुरतच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या शैलजाबाईंचा रविवार कधी घरात गेला नाही. नवऱ्याचं जेवण झाकून ठेवायचं आणि हातोडी घेऊन तडकेश्वरकडच्या चुनखडीच्या खाणी गाठायच्या. शेजारच्या गुजराती बायका हसायच्या, "बेन पथरा वीणे छे!"

वेचत होत्याच दगड. त्यांत ब्रायोझोआ होते, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात एकमेकांना चिकटून घरं बांधणारे इवलेसे प्राणी. भिंग लावलं की त्यांच्या वस्तीची नाजूक जाळी दिसायची, खोलीला खोली लागून. इतका शेजार शैलजाबाईंना सोसायटीत कधी लाभला नाही. विद्यार्थ्यांनाही त्या या दगडांना हात लावू देत नसत. कपाटाची किल्ली कायम पर्समध्ये.

निवृत्तीनंतर मुलाच्या फ्लॅटवर राहायला जावं लागलं. तिथे देव्हाऱ्याला जागा होती, दगडांना नव्हती. शैलजाबाईंनी मन घट्ट करून सगळे दगड कपाटासकट कॉलेजला दिले. विभागप्रमुख धनश्री त्यांचीच विद्यार्थिनी. "जपून ठेव," एवढंच म्हणाल्या.

यंदा पुण्याच्या एका संशोधिकेचा फोन आला. तुमच्या जुन्या लेखात छापलेल्या फोटोतली जाळी माहितीतल्या कुठल्याच जातीत बसत नाही, दगड प्रत्यक्ष बघायला हवा. शैलजाबाई हरखल्या. जन्माचं सार्थक झालं म्हणत ठेवणीतली साडी नेसून कॉलेजात गेल्या.

कपाट रिकामं होतं. दगड प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडलेले, प्रत्येकावर रंगाने नंबर.

"नुसते पडून होते ना मॅडम, म्हणून प्रॅक्टिकलला लावले," धनश्री कौतुकाने म्हणाली. "पोरं ॲसिडचा थेंब टाकून ओळखतात. तुम्हीच शिकवलंत, फेस आला की चुनखडी."

शैलजाबाईंनी घाईघाईने भिंग काढलं. एकेक दगड उचलून पाहिला. जाळी कुठेच नव्हती. दरवर्षी प्रत्येक पोराच्या थेंबाने खाल्लेले गुळगुळीत खड्डे तेवढे होते.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धनश्रीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण थेंब कसा टाकायचा ते तिचा हात धरून शिकवलं होतं त्यांनीच. कुठे टाकायचा नाही, ते दाखवायला कपाट उघडावं लागलं असतं.

"काय होतं हो मॅडम त्यांत?" धनश्रीने विचारलं.

शैलजाबाईंनी सवयीने भिंग तिच्यापुढे धरलं. मग मागे घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. दाखवायला आता काहीच उरलं नव्हतं.