तळपायावरची तीट

आमच्या आईने आयुष्यात एकदाही स्वतःची चूक कबूल केली नव्हती. आमटी खारट झाली तर मीठ हल्ली तसंच येतं, आणि एसटी चुकली तर खोपटच्या डेपोतलं घड्याळ पुढे.

बायकोचं माहेर डोंबिवलीच्या मानपाड्याला, म्हणून पहिलं बाळंतपण तिथल्याच हॉस्पिटलात झालं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी आई ठाण्यातल्या कोपरीहून घरी धरलेल्या काजळाची डबी घेऊन हजर. "आजी, बाळाला काही लावायचं नाही हं," सिस्टरने बजावलं. आई इतक्या गोड आवाजात "बरं" म्हणाली, की तिथेच मला संशय यायला हवा होता.

घरी सोडण्याआधी सिस्टर बाळाच्या हातापायाला लाल दिव्याची पट्टी लावून रक्तातला ऑक्सिजन बघत होती. उजव्या हातावर सत्त्याण्णव. पायावर शहाऐंशी. तिने दुपटं बाजूला केलं, तर तळपायावर ही एवढी तीट.

"काजळ कोणी लावलं?"

"आमच्यात नाही लावत," आई म्हणाली. डबी तिच्या मुठीत होती.

"अहो, काजळाने आकडा चुकू शकतो. पण चुकला नसेल, तर बाळाच्या हृदयात काहीतरी आहे. डॉक्टरांना बोलवावं लागेल."

"मीच लावलं!" आई जवळजवळ ओरडलीच. "चांगलं जाड लावलंय. माझीच चूक!"

तिने खोबरेल तेलाच्या बोळ्याने पाय घासघासून पुसला. शहाऐंशी. "बोटांच्या बेचक्यात राहिलं असेल." पुन्हा पुसला. शहाऐंशी. सिस्टरने पट्टी दुसऱ्या पायाला लावली. तिथेही तेच.

"त्यालाही लावलं होतं. मगाशी पुसलं," आई म्हणाली. साफ खोटं. तिची चूक निघू दे, म्हणून मीही देवाची विनवणी करत होतो.

डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली. शरीराला रक्त नेणारी मोठी धमनी एका जागी फार अरुंद होती. पायांकडे पोचत होतं ते कमी ऑक्सिजनचं रक्त, तेही जन्माआधीच्या एका छोट्या वाहिनीतून, आणि ती आता बंद व्हायला लागली होती. ती उघडी ठेवणारं औषध सलाईनमधून सुरू करून मुलीला अँब्युलन्सने ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. तोवर आई कोणाशी भांडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

ऑपरेशननंतर आम्हाला आत सोडलं, तेव्हा लाल दिवा त्याच पायावर होता. आकडा अठ्ठ्याण्णव. आईने चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "काजळाने काही होत नसतं. मी तेव्हापासून सांगतेय."

"तुझं कधी काही चुकलंय का, आई?" मी म्हणालो, आणि सगळ्या सिस्टरांसमोर रडायला लागलो.