काकूंच्या पदराची गाठ

मुलुंडच्या आमच्या तीन मजली इमारतीत सत्तरच्या दशकात एकच टेलिफोन होता, तळमजल्यावरच्या मालवणी काकूंकडे. तरी प्रत्येक बिऱ्हाडाच्या लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर तोच नंबर ऐटीत असे, पुढे बारीक अक्षरात 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, एवढंच. घंटा वाजली की काकू हातातलं काम टाकून धावत, फोन कोणासाठी ते विचारत आणि त्या दारात जाऊन हाक मारत.

अंधेरीच्या कचेरीत मी लिहीत होते तो प्रोग्राम नेमकं हेच करणार होता. एक भलामोठा कॉम्प्युटर, त्यावर काम करणारे कचेरीचे दोन विभाग, आणि दोघांनाही वाटलं पाहिजे की अख्खं मशीन आपलंच. म्हणजे वर दोन खोटी मशीनं, खाली एक खरं. प्रिंटरचं छापून झालं की तो इंटरप्ट देई, चालू काम थांबवून घंटा वाजवी म्हणा ना. ती माझ्या राखणदार प्रोग्रामने ऐकायची, कोणासाठी ते शोधायचं आणि त्या खोट्या मशीनला जणू प्रिंटरनेच सांगितलं असं कळवायचं. शनिवारी ते साहेबांना दाखवायचं होतं. सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतर मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे त्यावर ठरणार होतं.

आणि माझं एक खोटं मशीन रोज ढिम्म बसून राही. नाजूक काम चालू असलं की ते थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवी. माझा राखणदार नेमका तेव्हाच निरोप देई, तो वाया जाई आणि ते बिचारं प्रिंटरची वाट बघत बसे. हे कळायला मला आठवडा लागला. तोवर मी प्रिंटरलाच शिव्या घातल्या.

उपाय काकूंच्या पदरात सापडला. आमच्याकडे दारं दिवसभर सताड उघडी. दार बंद म्हणजे कोणी झोपलंय नाहीतर पूजेला बसलंय, आणि बंद दार काकू कधी ठोठावत नसत. पदराला गाठ मारत, दार उघडलं की निरोप सांगून ती सोडत. मीही प्रत्येक खोट्या मशीनच्या नावाने एक गाठ, म्हणजे राहिलेल्या निरोपाची नोंद, ठेवली. त्याने इंटरप्ट पुन्हा सुरू केले की निरोप द्यायचा आणि गाठ सोडायची.

शनिवारी सगळं झकास चाललं. साहेबांनी एकच विचारलं, एखाद्याने दार उघडलंच नाही तर?

"मग वाट लागली त्याची," मी तोऱ्यात म्हणाले. "त्यात राखणदाराचा काय दोष?"

साहेब हसले नाहीत. उद्या फोन करून कळवतो म्हणाले.

रविवारी आईबाबा डोंबिवलीला लग्नाला गेले. जो तो डोकावून फोन आला का विचारायला लागला, तेव्हा वैतागून मी सकाळी आठ वाजताच कडी घातली. फोनची घंटा वरपर्यंत ऐकू येई. ती दोनतीनदा वाजली, पण मला कोणी हाक मारली नाही. दुपारी जेवलेही नाही. नोकरी गेली असं धरून मनसोक्त रडले. पाचला डोळे पुसून दार उघडलं, तर समोर जिन्याच्या पायरीवर काकू तांदूळ निवडत बसलेल्या.

"सकाळी नवाकच साहेबाचो फोन इल्लो गो," त्या म्हणाल्या. "तुका कायम केल्यानी."

मग हाक का नाही मारली, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"दार बंद होता मां."

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या सकाळपासून चार वेळा जिना चढून माझं दार बघून गेल्या होत्या, आणि शेवटी तांदूळ घेऊन तिथेच बसल्या होत्या. मला लाज वाटली. मी खाली बसले आणि त्यांच्या पदराची गाठ माझ्या हाताने सोडली.