जांबोटीचा चढ आणि पुढचा शाफ्ट

लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. पावसाळा संपत आला असताना माझी बदली बेळगावच्या कॅम्पात, लष्करी गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपवर झाली. हुद्दा नाईक, काम फिटरचं. मी नेमगोंडा पाटील, निपाणीकडच्या तंबाखू पिकवणाऱ्या जैन घरातला. बेळगाव म्हणजे आमचं अंगणच. आईला वाटलं, पोरगा लढाईतून सुटला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर्कशॉप म्हणजे कॅम्पाच्या कडेला पत्र्याच्या काही शेड. पहाटे पीटी, मग चहा, मग फॉल-इन, आणि पुढं दिवसभर हात ग्रीसमध्ये. बर्माच्या आघाडीवरून मोडक्या गाड्या रेल्वेच्या वाघिणीतून येत. तीन मोडक्यांची एक चालती करायची, हा आमचा धंदा. नागरी माणसाला हे काम लढाईचं वाटत नाही. त्याला बंदूक दिसली की लढाई दिसते. त्याच्याशी मी आता वाद घालत नाही.

आमचे हवालदार शंकर सुतार, संकेश्वरचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या बनवणारं. वयानं आमच्यापेक्षा मोठे, म्हणून परेड सोडली तर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ड्रायव्हर लान्स नाईक जोतिबा, खानापूरच्या रानातला. बोलायला लागला की थांबायचा नाही. मी सूर्य बुडायच्या आत जेवतो याची त्याला फार गंमत वाटे.

"पाटला, जपान्याला काय सांगनार रं? थांब, माजं जेवान व्हायचंय?"

मी म्हणायचो, "तू असशील तिथं. तू बोलत बस त्याच्याशी. माझं जेवण आरामात होईल."

अण्णांच्या घरात एक रीत होती. नवा आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, घातलेली बैलगाडी पहिल्यांदा भरून चढावर निघाली, की आख बसवणाऱ्यानं हातात उटी घेऊन चाकाच्या बाजूनं चालायचं. उटी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. गाडी मागं सरकली तर सुतारानंच ती थांबवायची. अण्णांनी ही रीत मिलिटरीतही सोडली नाही. आमच्या हातची गाडी चाचणीला निघाली की अण्णा बाभळीची उटी घेऊन मागच्या चाकाशी हजर. वर्कशॉपचे कॅप्टन साहेब आधी हसले. एकदा ब्रेक न लागलेली एक लॉरी अण्णांनी त्या उटीवर थांबवली, तेव्हापासून हसायचे बंद झाले.

ऑक्टोबरात हुकूम आला. एक रिकव्हरी ट्रक तयार करायचा. तो लॉऱ्यांच्या तांड्याच्या पुढं जंगलातून चालणार आणि फसलेली गाडी बाहेर ओढणार. एकेरी वाटेवर एक लॉरी फसली की मागच्या सगळ्या जागच्या जागी उभ्या राहतात, आणि उभी लॉरी म्हणजे शत्रूच्या विमानाला आयतं निशाण. ट्रकबरोबर जोतिबा जाणार होता. काम संपत आलं तेव्हा साहेबांनी त्याच्याकडं बोट दाखवून सांगितलं.

"ये आदमी इसमें बैठेगा. परसों ट्रेन. कोई गलती नहीं."

"जी साब," अण्णा म्हणाले.

इंजिन, दोरानं गाडी ओढणारा विंच, चासी, सगळं जमलं होतं. घोडं अडलं ते पुढच्या शाफ्टवर. तो ट्रक चारही चाकांनी ओढणारा. मागची चाकं चिखलात नुसती फिरायला लागली की पुढची गाडी खेचून काढतात. पुढच्या चाकांपर्यंत इंजिनाची ताकद दोन पोलादी दांडे पोचवतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. हे शाफ्ट. खडबडीत चढावर सगळ्यात आधी तुटतात तेही हेच.

आमच्यासमोर दोन तऱ्हेचे शाफ्ट होते. एक मोडक्या गाड्यांतून काढलेले, मूळ कंपनीचे, कमरेत बारीक. त्यांतल्या बहुतेकांच्या टोकाच्या दात्यांना पीळ पडला होता. सरळ अशी एकच जोडी निघाली, आणि तिला बदली जोडी नव्हती. दुसरे शाफ्ट नवे, गावातल्या एका कारखान्याकडून करून घेतलेले, जाडजूड, चकचकीत. त्यांच्या दोन जोड्या होत्या. म्हणजे एक गाडीत, एक पेटीत.

अण्णांनी दोन्ही शाफ्ट दोरीला टांगले आणि हातोडीनं हलकेच वाजवले. बैलगाडीचा लोखंडी आख ते असाच पारखायचे. नवा शाफ्ट घंटेसारखा वाजला. जुनाही वाजला, पण त्याचा आवाज लवकर विरला.

"नवाच घालू," अण्णा म्हणाले. "जाड हाय. आनि बदली बी हाय. जंगलात जुना तुटला तर हे पोरगं शाफ्ट कुठनं आननार?"

"अण्णा, बैलगाडीचा आख फिरत नाही, नुसतं ओझं उचलतो," मी म्हणालो. "हा ओझं उचलत नाही. ओझं बाहेरच्या नळीवर, केसिंगवर. याला नुसतं पिळायचं असतं. बारीक कमरेचा थोडा पिळला जातो आणि झटका खातो. हा जाड पिळायचाच नाही, सरळ तुटायचा."

"वाजला की चांगला."

"घंटा पण वाजते. खाली टाकून बघा, तडकते."

अण्णांनी दोरीवरचा नवा शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. त्यांना माझा राग आला नव्हता. ते खरोखर विचार करत होते. आमच्यातला कुणी चूक असेल तर त्याची किंमत जोतिबा देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. जोतिबा बाजूला टायरवर बसून ऐकत होता आणि एकदाही बोलला नाही. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"असं कर," अण्णा शेवटी म्हणाले. "नवे बसव. उद्या जांबोटीच्या चढाला नेऊ. मागं भरलेला ट्रेलर लावू. तिथं टिकले तर हेच. तुटले तर इथंच तुटले, तिकडं न्हाय. मग जुने घालू."

यात चुकीचं काही नव्हतं. मीही हो म्हणालो. घोडामैदान जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूरवरून जांबोटीच्या पुढं गेलो. लाल मातीची जंगलवाट, पाऊस नुकताच ओसरलेला, दोन्ही बाजूंना किर्र झाडी. चढाच्या डाव्या अंगाला उंच दरड, उजव्या अंगाला खोल नाला. ट्रेलरमध्ये वाळूची पोती भरली होती. मी जोतिबाच्या शेजारी बसलो, आवाज ऐकायला. अण्णा उटी घेऊन मागच्या चाकाजवळ, दरडीच्या बाजूनं.

"लो गिअर. पुढची चाकं जोड," मी म्हणालो.

"जोडली."

"चल."

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर चढ एकदम अंगावर आला. पुढचं चाक दगडावर चढलं, घसरलं, परत चढलं. गाडी कण्हत होती, पण वर जात होती. माझ्या मनात आलं, अण्णांचंच खरं निघणार. मला बरं वाटलं, कारण मग जोतिबाच्या पेटीत बदली शाफ्ट राहिले असते.

तेवढ्यात पायाखाली बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला.

पुढची ओढ गेली. मागची चाकं लाल चिखलात नुसती फिरायला लागली. जोतिबानं ब्रेक दाबला, हँडब्रेक खेचला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ट्रेलरच्या वजनानं ती थांबलेल्या चाकांवरच मागं घसरू लागली, नाल्याकडं.

"स्टिअरिंग मार," मी ओरडलो.

"फिरंना," जोतिबा म्हणाला. "अडकलंय."

तुटलेला तुकडा पुढच्या चाकाच्या सांध्यात रुतून बसला होता. मागं वळून पाहिलं तर नाल्याची कड अगदी जवळ आली होती. जोतिबाला उडी मार म्हणावं, तर त्याचा पाय ब्रेकवर होता. त्यानं तो काढला असता तर मी मेलो असतो, आणि तो पाय काढत नव्हता.

मग मागून अण्णांचा आवाज आला. "ब्रेक सोडू नको."

गाडीला एक धक्का बसला. मग दुसरा. आणि ती थांबली.

अण्णांनी मागच्या चाकाखाली उटी सारली होती, आणि ती घसरली तेव्हा खांदा लावून परत आत दाबली होती. ट्रक थांबला. ट्रेलर थांबला नाही. तो जोडाजवळ वळला आणि दरडीवर जाऊन आदळला. मधे अण्णा होते.

आम्ही पोती टाकली, पहारीनं ट्रेलर बाजूला केला. अण्णा शुद्धीवर होते. छातीचा भाता चालत होता, पण तोंडातून रक्त येत होतं. आमच्या मागून येणारी वर्कशॉपची दुसरी लॉरी खाली वळणावर होती. जोतिबा तिला आणायला पळत सुटला.

अण्णांनी माझं मनगट धरलं.

"कुठं तुटला? बघ."

"अण्णा, राहू दे आता."

"बघ म्हनतो नव्हं."

हवालदाराचा हुकूम होता. मी गाडीखाली गेलो. दात्यांच्या आत, जिथं जाड भाग सुरू होतो तिथं खांद्यातच शाफ्ट तुटला होता. तोंड स्वच्छ, आतून खडीसाखर फोडल्यासारखं चकाकणारं. हाताला लागला तो तुकडा घेऊन मी परत आलो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"पीळ?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. जरासुद्धा नाही. सरळ तुटलाय."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गेले. मग म्हणाले, "जुनेच घाल. बदली नसली तरी जुनेच. आनि साहेबाला सांग, हे जाडे दुसऱ्या कुनाच्या गाडीत घालू नका म्हनावं."

"सांगतो."

"जोतीला काय लागलं न्हाय नव्हं?"

"नाही अण्णा. त्याला काही झालं नाही."

लॉरीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खानापूर यायच्या आधीच ते गेले. मी त्या वेळी रडलो नाही. जाडे शाफ्ट करून देणाऱ्याचा, ते घेणाऱ्याचा, वाळूच्या पोत्यांचा, सगळ्यांचा राग आला होता. तो राग अजून पूर्ण उतरलेला नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. मग एवढंच म्हणाले, "ट्रेन कल ही है, नाईक."

"जी साब."

आम्ही सरळ वर्कशॉपला गेलो. ट्रक ओढून आणलेला होता. मी सांधा उघडून तुटके तुकडे वेचले आणि जुनी बारीक जोडी बसवली. दाते रॉकेलनं धुतले, खांदे भिंगातून पाहिले, ग्रीस भरलं. जोतिबा पाने हातात देत होता. काम झाल्यावर तो गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "पाटला, ह्यो तुटला तर मी मरंन. त्याचं न्हाय काय. पर अण्णा फुकट गेलं म्हनत्याल लोक."

दुसऱ्या दिवशी गाडी वाघिणीवर चढली आणि गेली. उरलेली जाड जोडी साहेबांनी माझ्यासमोर भट्टीत टाकायला लावली.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. वर्कशॉपात पूर्वेकडची वाघीण आली की मी आधी मोडक्या गाड्यांत आमचा ट्रक शोधायचो. तो दिसला नाही की त्या दिवशी जेवण जायचं.

लढाई संपली आणि एका दुपारी जोतिबा वर्कशॉपच्या दारात उभा. काळा पडलेला, निम्मा झालेला. पहिलं वाक्य काय बोलला ते सांगतो.

"पीळ पडलाय. दोन्हीला. पर तुटलं न्हाईत."

आमच्या ट्रकनं ज्या लॉऱ्या ओढून काढल्या, त्यांतल्या माणसांची गणती कुणी केली नाही. जोतिबा म्हणाला, त्यातले बरेच घरी पोचले. त्यांच्यापैकी कुणालाही शंकर सुतार हे नाव ठाऊक असणार नाही. अण्णा शत्रूच्या गोळीनं मेले नाहीत. कागदोपत्री तो ट्रेनिंगमधला अपघात. लढाईत पडलेल्यांची नावं जिथं कोरली आहेत तिथं मी जाऊन पाहिलं आहे. त्यांचं नाव तिथं नाही.

जोतिबा आला त्याच आठवड्यात आम्ही दोघं संकेश्वरला गेलो. इतके दिवस एकट्यानं त्या दारात जायचा मला धीर झाला नव्हता. अण्णांचे वडील अंगणात वाकसानं चाकाचा आरा तासत बसले होते. ओळख सांगितली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. वाकस चालूच.

"गावात काय म्हनत्यात ठाव हाय?" ते म्हणाले. "म्हनत्यात, सुताराचं पोर आनि चाकाखाली गेलं. मिलिटरीनं बी तेवढंच कळवलं. अपघात. चाकाजवळ कसं ऱ्हावं ते मी त्याला शिकवलं न्हवतं व्हय?"

जोतिबा त्यांच्यासमोर खाली बसला.

"आप्पा, त्यो चाकाखाली गेला न्हाय. गाडी नाल्यात चाललीती. त्यो बाजूला हुता, त्याला काय बी झालं नसतं. त्यो आत आला आनि उटी सारली. घसरली तर खांद्यानं दाबली. म्हनून गाडी थांबली."

म्हाताऱ्याचा वाकस थांबला.

"गाडीत कोन हुतं?"

"आमी दोघं."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. आधी जोतिबाकडं, मग माझ्याकडं. दोघांनाही बराच वेळ पाहून घेतलं, एखादी वस्तू कुठं मोडली तर नाही ना हे बघावं तसं. मग वाकस बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराकडं तोंड करून हाक दिली.

"दोन पानं वाढ गं. आमच्या शंकरची मानसं आल्यात."